कीर्तीआधीची दहा वर्षे : बाल्झाकवरील अभिवाचनाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

साताऱ्यातील आमच्या वाचनालयाने मराठी भाषा गौरव दिनासाठी, म्हणजे २७ फेब्रुवारीसाठी, तासाभराचा कार्यक्रम मागितला आहे आणि आम्ही चौघांनी अभिवाचन करायचे ठरवले आहे. वाचणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक काका, महाविद्यालयात इतिहास शिकवणारी माझी मैत्रीण, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आणि मी आहोत. ऑनोरे द बाल्झाक हा फ्रेंच कादंबरीकार नावारूपाला येण्यापूर्वी दहा वर्षे कसकसा तोंडावर आपटत राहिला, हा विषय मी सुचवला. संहिता मीच लिहिणार आहे. परक्या भाषेतल्या लेखकावर असा कार्यक्रम बसवणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे आणि त्यांत खर्च व चुका लपवणार नाही.

पहिली चूक आजच झाली. फेब्रुवारी पुष्कळ दूर आहे, असे आम्ही चौघेही एकमुखाने म्हणालो.

१९ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत मी बाल्झाकची पत्रे इंग्रजीवरून मराठीत आणली. चौदा दिवसांत बावीस पाने झाली, आणि ती सगळी बाजूला ठेवावी लागत आहेत. बाल्झाक १८५० साली वारला, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या शब्दांवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. परंतु माझ्या हाताशी असलेले इंग्रजी भाषांतर अलीकडचे आहे, आणि भाषांतरकाराचा हक्क आपल्या कायद्याप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो, ही साधी गोष्ट मैत्रिणीने लक्षात आणून देईपर्यंत मला सुचली नव्हती. शिवाय इंग्रजीवरून आणलेले मराठी वाचताना घशात अडकत होते, ते निराळेच.

आता पुण्यातील फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाई मूळ पत्रे समोर ठेवून मला अर्थ सांगतील आणि मराठी वाक्य मी बसवीन, असे ठरले आहे. चार बैठकांचे ४,००० रुपये होतील. पत्रांसाठी मुख्य आधार बहिणीचा आहे. लोर ही त्याची धाकटी बहीण, त्याची सर्वांत जवळची श्रोती. तिने १८५८ साली भावाचे चरित्र त्याच्याच पत्रांच्या आधाराने प्रसिद्ध केले.

३ डिसेंबर

पहिला खर्डा एकशे बारा मिनिटांचा झाला. जन्म तूर येथे २० मे १७९९ रोजी, येथपासून मी जी सुरुवात केली ती थेट मृत्यूपर्यंत गेले. काकांनी मध्येच घड्याळ काढून टेबलावर ठेवले, त्यावरून काय ते समजले.

कात्री चालवली. बालपण गेले, वसतिगृहाची शाळा गेली, वकिलाच्या आणि नोटरीच्या कचेरीत काढलेली सुमारे तीन वर्षे दोन वाक्यांवर आली, आणि १८३१ नंतरचे सगळे आयुष्य, प्रचंड ग्रंथसंभार, कॉफी, प्रेमपत्रे, उतारवयातले लग्न, हे सारे गेले. कॉफीचे सोडून देताना जिवावर आले, कारण बाल्झाक म्हटले की लोकांना तेवढेच आठवते. पण नेमके त्याचमुळे ते काढायला हवे होते. उरला तो ऑगस्ट १८१९ ते मार्च १८२९ हा काळ.

१७ डिसेंबर

दुसरा खर्डा मैत्रिणीच्या घरी आठ जणांसमोर वाचला आणि तो सपशेल पडला. एक गृहस्थ सरळ झोपले. बाकीचे शेवटी आदराने गप्प बसले, जे झोपेहून वाईट होते. चहाच्या वेळी मैत्रिणीच्या आई म्हणाल्या, "अगं, दर पाच मिनिटांनी तो पडतो आणि तुम्ही सगळे एकाच सुरात हळहळता. मग मला काय कळायचं, हा आत्ता पडला तो मघाशी पडला त्याहून वेगळा कसा?"

रात्री संहिता पुन्हा वाचली तेव्हा त्यांचे म्हणणे शब्दशः खरे असल्याचे दिसले. मी चार अपयशे लिहिली होती आणि चारही वेळा एकच वाक्य वेगळ्या शब्दांत लिहिले होते. वास्तविक त्या चारांचा एकमेकांशी संबंध नाही. पद्यनाटक पडले ते त्याला त्या प्रकाराची जाणच नसल्यामुळे. बाजारू कादंबऱ्या पडल्या असे म्हणताच येत नाही. त्यांचे पैसे मिळाले, मात्र नाव लपवावे लागले. प्रकाशनाच्या धंद्यात त्याचा अंदाज चुकला. छापखान्यात आणि टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईची अक्षरे ओतण्याच्या कारखान्यात, तर त्याला लेखक म्हणून कोणी नाकारलेच नव्हते, तिथे तो कारखानदार म्हणून बुडाला. हे चार वेगवेगळे रोग आहेत आणि मी सगळ्यांना ताप म्हणून मोकळी झाले होते.

तेव्हा पुढच्या खर्ड्यासाठी नियम असा : प्रत्येक प्रवेशात काय केले, का फसले आणि किती लागले ही तीन उत्तरे मिळालीच पाहिजेत, आणि "दुर्दैवाने" हा शब्द संहितेत कोठेही असता कामा नये. हा शब्द सतरा ठिकाणी सापडला.

२४ डिसेंबर

माळ्यावरच्या खोलीचा प्रवेश नव्याने लिहिला आणि प्रथमच आमच्या तालमीत कोणीतरी हसले.

प्रसंग असा आहे. वीस वर्षांच्या मुलाने मला नोटरी व्हायचे नाही, लेखक व्हायचे आहे, असे घरी सांगितले. वडील नुकतेच निवृत्त झालेले, कुटुंब पॅरिस सोडून व्हिलपारिझीला राहायला निघालेले. तरीही आईवडिलांनी त्याला दोन वर्षांची मुदत दिली, जेमतेम पोट भरेल एवढी रक्कम ठरवून दिली आणि लेदिगिएर रस्त्यावर छपराखालची एक खोली घेऊन दिली, तिचे भाडे वर्षाला सुमारे ६० फ्रँक. लोकलज्जेस्तव ओळखीपाळखीत मात्र मुलगा आल्बीला नातेवाइकांकडे गेला आहे असे सांगण्यात आले. या शेवटच्या तपशिलावर सातारकर श्रोते हमखास मान डोलावतात. मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला आहे, असे सांगणारी घरे प्रत्येकाच्या आळीत आहेत.

त्या खोलीतून त्याने बहिणीला लिहिलेल्या पत्रांत एक नोकर येतो. नोकर आळशी आहे, वेंधळा आहे, खोली झाडत नाही. त्याचे नाव फ्रेंचमध्ये "मी स्वतः" असे आहे, कारण नोकर वगैरे कोणी नव्हताच. मी आधी ते नाव फ्रेंचच ठेवले आणि पाठोपाठ खुलासा जोडला, त्यामुळे विनोद जागीच मेला. मग "स्वतः" ठेवून पाहिले, तेही ऐकताना नाव वाटेना. अखेरीस काकांनी सहज "खुद्द" सुचवले आणि गाडी मार्गी लागली. "खुद्द आज पाणी आणायला गेलाच नाही" असे मुलाने वाचले की नोकरही कळतो आणि नोकर कोण हेही कळते. खुलाशाची अडीच वाक्ये टळली.

ज्यांना भाषांतरित मजकूर रंगमंचावर न्यायचा आहे त्यांना एवढेच सांगेन की जिथे खुलासा लागतो तिथे शब्द चुकलेला असतो. माझे या एका शब्दात नऊ दिवस गेले.

७ जानेवारी २०२४

नाटकवाचनाचा प्रवेश.

बाल्झाकने त्या खोलीत 'क्रॉमवेल' नावाची पाच अंकी पद्य शोकांतिका लिहिली. प्रथम येणारी कीर्ती रंगभूमीवरून येते आणि रंगभूमीवर मान शोकांतिकेला असतो, असा त्या काळच्या पॅरिसमधल्या कोणत्याही होतकरूचा हिशेब असे, तोच त्याचाही होता. १८२० मध्ये घरच्यांना आणि काही परिचितांना जमवून त्याने ते वाचून दाखवले. ऐकणारे थंड राहिले. मग कोणा तिऱ्हाइताचे मत घ्यावे म्हणून हस्तलिखित आंद्रिय या कॉलेज द फ्रान्समधल्या प्राध्यापकांकडे गेले. ते स्वतः नाटककार होते आणि लोरच्या भावी पतीचे गुरू होते. लेखकाने वाटेल ते करावे, साहित्य मात्र करू नये, असे त्यांचे मत पडले.

मी येथे मोठी चूक केली होती. श्रोत्यांना नाटक किती वाईट आहे हे कळावे म्हणून मी मुद्दाम रटाळ मराठी पद्याच्या बारा ओळी रचल्या आणि मुलाने त्या आवेशाने म्हटल्या. लोक खो खो हसले, पण ते त्या मुलाला हसले, आणि एकदा हसल्यावर पुढच्या प्राध्यापकांच्या वाक्याला धारच उरली नाही. वीस वर्षांच्या पोराने कित्येक महिने घासून लिहिलेली गोष्ट आधी आपणच हास्यास्पद करून ठेवली, तर नंतर दुसऱ्या कोणी तिला वाईट म्हटल्याने काय बिघडणार?

आता पद्य नाहीच. मुलगा उभा राहतो, पाने सारखी करतो, "अंक पहिला" म्हणतो आणि थांबतो. त्यानंतर आम्ही तिघे ऐकणाऱ्यांचे काय होते एवढेच वाचतो : कोण खुर्चीत कसे सरकले, आईची नजर कोठे होती. हा भाग कल्पित आहे हे निवेदनात स्पष्ट सांगितले आहे. मग मुलगा पुन्हा म्हणतो, "अंक पाचवा समाप्त." प्रवेश साडेसहा मिनिटांवरून तीनवर आला.

१४ जानेवारी

पैशांचा घोळ. १८२२ पासून बाल्झाकने झटपट कादंबऱ्या पाडायला सुरुवात केली, आधी ल प्वातव्हँ नावाच्या एका धंदेवाईक जोडीदाराबरोबर आणि मग एकट्याने. पहिलीचे ८०० फ्रँक ठरले, दुसरीचे १,३००, तिसरीचे २,०००. पुस्तकांवर नाव कधी लॉर्ड रून, कधी ओरास द सँतोबँ. यांतले पहिले त्याच्याच नावाची अक्षरे उलटसुलट करून बनवलेले आहे, पण ती करामत रोमन अक्षरांत दिसते, देवनागरीत दाखवता येत नाही. दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर तो नाद सोडला. पहिल्या पुस्तकाबद्दल बहिणीला लिहिताना त्याने स्वतःच त्याला साहित्यातली घाण म्हटले आहे आणि तिने ते वाचू नये अशी त्याची इच्छा होती.

आमच्या प्रत्येक श्रोत्याने विचारलेला प्रश्न मात्र एकच : आजचे किती रुपये? मी सोन्याच्या भावावरून गणित करून पाहिले, मग धान्याच्या भावावरून केले, आणि दोन उत्तरांत एवढे अंतर आले की कोणतेच सांगण्यात अर्थ नव्हता. काकांनी बँकेतला अनुभव पणाला लावून तिसरे उत्तर काढले. तेही जुळेना.

सुटका अशी झाली की रुपयांचा नाद सोडून आम्ही त्याच्याच खोलीचे भाडे माप म्हणून धरले. वर्षाला ६० फ्रँक. मग पहिली कादंबरी म्हणजे माळ्यावरच्या खोलीची तेरा वर्षे, दुसरी एकवीस, तिसरी तेहतीस. लगेच दिसते की हा मुलगा उपाशी मरत नव्हता, चांगला कमवू लागला होता, आणि तरीही आपले नाव छापायला धजत नव्हता. आता एक काळा फळा उभा करायचा, त्यावर काका खडूने आकडे लिहीत जातील, जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाचा हात फळ्यावर जो सफाईने चालतो तो आम्हाला बसवावा लागला नाही. फळा, तिपाई आणि खडू यांचे १,१५० रुपये झाले.

२१ जानेवारी

आज वाईला गेले होते. छापखान्याचा प्रवेश निव्वळ वर्णनाने उभा राहत नव्हता, कारण आमच्या मुलाने खिळा, म्हणजे छपाईचे धातूचे सुटे अक्षर, कधी पाहिलेलाच नाही. त्याच्या लेखी छापणे म्हणजे बटण दाबणे.

त्या प्रवेशातला क्रम माझ्या मते या सगळ्या हकिकतीचा कणा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कादंबऱ्यांना कंटाळून बाल्झाक १८२५ मध्ये प्रकाशक झाला. मोलिएर आणि ला फोंतेन यांचे समग्र लेखन प्रत्येकी एकेका खंडात आणायचे, अशी कल्पना. एका खंडात सगळे मावावे म्हणून टाइप बारीक घ्यावा लागला आणि मजकूर दोन रकान्यांत कोंबावा लागला. पुस्तक दिसायला सुबक, पण वाचायला डोळेफोड आणि किंमत भारी. प्रती पडून राहिल्या, शेवटी तोट्यात काढाव्या लागल्या. येथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. त्याने निष्कर्ष काढला तो असा की नफा छापणारा खातो, तेव्हा आपणच छापखाना काढावा. १८२६ मध्ये परवाना मिळवून, घरच्यांकडून आणि मादाम द बेर्नी या बावीस वर्षांनी मोठ्या असलेल्या प्रेयसीकडून पैसा उभा करून, मारे रस्त्यावर त्याने छापखाना थाटला. खाली यंत्रे, वर स्वतःची खोली. तिथे छापलेले पहिले काम होते दीर्घायुष्य देणाऱ्या कफनाशक गोळ्यांचे जाहिरातपत्रक. छापखानाही तोट्यात जाऊ लागला तेव्हा त्याने पुन्हा एक पायरी मागे जाऊन १८२७ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना घेतला. १८२८ मध्ये सगळे आटोपले. दिवाळे जाहीर होऊ नये म्हणून एका नातेवाइकाने निस्तरानिस्तर केली, आणि डोक्यावर सुमारे ६०,००० फ्रँक कर्ज उरले, त्यातले बहुतेक आईचे.

वाईच्या पेठेत एका गृहस्थांकडे ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे जुने छपाईयंत्र, अजून उभे आहे. वय सत्तरीच्या पुढे, लग्नपत्रिकांचे काम बंद होऊन वर्षे झाली, पण खिळ्यांच्या केस, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी वेगळे घर असलेले खण, त्यांनी भंगारात घातलेल्या नाहीत. त्यांनी मला कंपोझिंग स्टिक, म्हणजे खिळे ओळीत जुळवायची पट्टी, हातात दिली आणि माझ्याकडून "बाल्झाक" जुळवून घेतले. स्टिक डाव्या हातात, शेवटचा खिळा अंगठ्याने दाबलेला, अक्षरे उलटी, खिळ्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली की तो सरळ बसला समजायचे. मी प्रत्येक खिळा डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. "ताई, खिळा बघू नका," ते म्हणाले, "घर लक्षात ठेवा. हात आपोआप जातो." वीस मिनिटांनी प्रूफ निघाले त्यावर "बाझाल्क" असे छापून आले होते.

त्यानंतर त्यांनीच पत्रक जुळवायचे ठरले. ला फोंतेनची आवृत्ती का खपली नाही हे सांगण्याऐवजी दाखवायचे, म्हणून श्रोत्यांना वाटायचा एक कागद त्यांच्याकडचा सर्वांत बारीक टाइप घेऊन, दोन रकान्यांत, जवळजवळ न वाचता येण्यासारखा छापायचा. अडचण अशी निघाली की मजकुरात बाल्झाक हे नाव अकरा वेळा आले होते आणि त्या केसमध्ये झ चे खिळे नऊच निघाले. दोन ठिकाणी "त्याने" केले. मजकूर सुधारला, हेही कबूल करायला हवे. मानधन २,५०० रुपये ठरले आणि कागद-शाईचे ४५० वेगळे.

परतताना एसटीत जावजी दादाजींवर एक पानभर लिहिले. मिशनच्या छापखान्यात लहानपणी खिळे घासण्याच्या कामावर लागलेला हा मुलगा पुढे स्वतःची फाउंड्री काढतो, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा करतो आणि त्याचे खिळे देशभर नावाजले जातात. म्हणजे बाल्झाक ज्या पायऱ्यांवरून उलटा घसरला त्याच पायऱ्या हा सुलट चढला. लिहून झाल्यावर मला ते पान फार आवडले. रात्री काढून टाकले. श्रोता एकदा मुंबईत आला की त्याला पुन्हा पॅरिसला नेईपर्यंत आमची चार मिनिटे गेली असती.

४ फेब्रुवारी

वाचनालयाकडून निरोप आला की मराठी दिनाला फ्रेंच लेखक नको असे कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे पडले, त्यामुळे २७ तारीख एका कविसंमेलनाला दिली असून आम्हाला रविवार, ३ मार्च मिळेल. क्षणभर राग आला. नंतर वाटले की पाच दिवस जास्त मिळाले, आणि ते आम्हाला हवेच होते.

११ फेब्रुवारी

शेवट जमत नाही. तीन शेवट लिहून झाले आहेत.

पहिल्यात १८३१ चा ऑगस्ट होता : 'ला पो द शाग्रँ' ही कादंबरी प्रसिद्ध होते, पॅरिसभर नाव होते, आवृत्ती हातोहात संपते. वाचताना असे वाटले की आधीची पंचेचाळीस मिनिटे केवळ या टाळीसाठी ताटकळत ठेवली होती. दुसऱ्यात त्याच्या मृत्यूपर्यंत न फिटलेले कर्ज होते. तो शेवट म्हणजे १७ डिसेंबरची हळहळ पुन्हा आणणे झाले. तिसऱ्यात त्याच छापखान्याच्या अनुभवातून 'इल्यूझिआँ पेर्द्यू' या कादंबरीतला आंगुलेमचा छापखाना कसा उभा राहिला ते होते. माहिती चांगली आहे, पण ती ऐकताच "म्हणजे सगळे चांगल्यासाठीच झाले" असा समाधानाचा सूर लागतो आणि तो मला मान्य नाही. आईचे पैसे बुडाले ते बुडालेच.

२५ फेब्रुवारी

शेवट सापडला, आणि तो आधीपासून संहितेत मधोमध पडून होता.

सगळे आटोपल्यावर, सप्टेंबर १८२८ मध्ये, बाल्झाक ब्रिटनीतल्या फुजेर गावी जनरल पोमरल यांच्याकडे गेला. घराण्याचे जुने स्नेही. जाण्यापूर्वी त्याने पत्र लिहून मागितले ते एवढेच : एक साधी खाट, एक गादी, चार पायांचे न डुगडुगणारे टेबल, एक खुर्ची आणि डोक्यावर छप्पर. तिथे राहून, त्या मुलखात राज्यक्रांतीच्या काळात झालेल्या बंडाळीची ठिकाणे हिंडून पाहून, बंडात लढलेल्यांच्या हकिकती ऐकून त्याने कादंबरी लिहायला घेतली. मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. याही पुस्तकासाठी त्याने व्हिक्तोर मोरियाँ नावाचा एक कल्पित लेखक तयार करून ठेवला होता, त्या लेखकाची ओळख करून देणारी प्रस्तावनाही लिहिली होती. मग ती बाजूला ठेवली. मार्च १८२९ मध्ये 'ल दर्निए शुआँ' चार लहान खंडांत निघाली तेव्हा तिच्यावर ऑनोरे बाल्झाक असे नाव होते. त्यातला "द" पुढे चिकटला. पुस्तकाचे १,००० फ्रँक मिळाले आणि ते फारसे खपले नाही.

म्हणजे ज्याला आपण यशाची सुरुवात म्हणतो ते पुस्तक व्यवहारात पडलेच होते. गाजावाजा झाला तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या विवाहविषयक पुस्तकाचा, आणि गंमत म्हणजे त्यावर पुन्हा नाव नव्हते, नुसते "एका तरुण ब्रह्मचाऱ्याकडून" असे होते. तेव्हा आमचा शेवट आता असा : काका फळ्यावर जमेला १,००० लिहितात, नावे बाजूला ६०,००० असतात, मुलगा मोरियाँचे पान काढून बाजूला ठेवतो आणि स्वतःचे नाव वाचतो. दिवे जातात. पुढचे निवेदन नाही.

आजच रंगीत तालीमही झाली. अडुसष्ट मिनिटे लागली. पिनमाइकमध्ये कागदांची सळसळ पावसासारखी ऐकू येत होती, म्हणून पाने सुटी न ठेवता जाड कागदावर एकाच बाजूला छापून घ्यायची आणि उलटायची नाहीत, नुसती सरकवायची, असे ठरले. झेरॉक्सचा हा दुसरा खर्च झाला. दोन्ही मिळून १,२६०. फ्रेंच नावे चौघेही चार तऱ्हांनी उच्चारत होतो. पुण्याच्या बाईंना फोन करून एक यादी निश्चित केली आणि प्रत्येकाच्या संहितेला ती टाचली. हे काम पहिल्या आठवड्यात करायचे असते.

३ मार्च, रात्री

प्रयोग झाला. सत्तावन्न मिनिटे, श्रोते बेचाळीस.

चुकले ते आधी लिहिते. माझा माइक पहिल्याच प्रवेशात बंद पडला आणि मी तो तसाच रेटला, मागच्या तीन रांगांना खोलीचे वर्णन ऐकूच गेले नाही. बारीक टाइपाचे पत्रक आम्ही दारातच वाटले, ते छापखान्याच्या प्रवेशापूर्वी वाटायला हवे होते. लोक पहिली दहा मिनिटे चष्मे पुसून ते वाचण्याची धडपड करत राहिले. एका आजोबांनी मोबाइलचा टॉर्च लावला. परिणाम साधला गेला, परंतु अर्धा तास आधी.

"खुद्द" चालला, उत्तम चालला. नाटकवाचनाच्या प्रवेशात अपेक्षेपेक्षा जास्त शांतता होती. आणि काकांनी फळ्यावर ६०,००० लिहून, खडू न ठेवता, खाली भाड्याचा भागाकार करून "१,००० वर्षे" असे लिहिले तेव्हा सभागृहातून जो आवाज आला तो हसण्याचाही नव्हता आणि हळहळण्याचाही नव्हता. त्यांनी तो भागाकार तालमीत कधीच केला नव्हता. मला न विचारता केला. संहितेत आता तो कायम.

शेवटी दिवे गेले आणि काही क्षण कोणालाच कळले नाही की संपले. एका बाईंनी शेजारणीला विचारलेले स्पष्ट ऐकू आले, "मग तो मोठा कधी झाला?" हा प्रश्न मला अजून छळतो आहे, पण शेवट मी बदलणार नाही.

१० मार्च

हिशेब. फ्रेंचच्या बैठका ४,०००, झेरॉक्स १,२६०, वाईच्या तीन फेऱ्या ९३०, पत्रकाचे मानधन २,५००, कागद आणि शाई ४५०, फळा १,१५०, माइकचे भाडे २,८००, तालमींचा चहा-नाश्ता १,८७०, असे एकूण १४,९६० रुपये लागले. वाचनालयाकडून ७,५०० मिळाले. उरलेले ७,४६० चौघांत वाटून प्रत्येकी १,८६५ पदरचे गेले. वेळेचा हिशेब केला तर चार महिन्यांतले जवळजवळ पाच आठवडे फुकट गेले, त्यांतले दोन केवळ हक्काची चौकशी आधी न केल्यामुळे.

प्रयोगात फिरवून दाखवण्यासाठी आणलेले खिळे परत द्यायला आज वाईला गेले. माझ्याकडे स्टिकमध्ये जुळवलेली एक ओळ आणि एका डबीत झ चे सगळे खिळे होते. मालकांनी डबी हातावर उलटी केली आणि मोजले. आठ. मी पर्स पालथी घातली, पिशवी झटकली. मग आठवले की प्रयोगानंतर एक लहान मुलगी बराच वेळ डबीशी खेळत होती. मी पैसे विचारले.

"राहू द्या ताई," ते म्हणाले आणि उरलेले आठ त्यांच्या घरात टाकले. "झ लागतो कुठे एवढा."